चेहरा जुळत नाही

बेसा येथील 'सायंतारा' गृहनिर्माण संस्थेच्या फाटकावर चेहरा ओळखणारं यंत्र बसवण्यात आलं, तेव्हा संस्थेचे सचिव मनोहरराव गडेकर यांनी त्यासाठी खास नियमावली तयार केली. तिचा सातवा नियम असा होता : 'रहिवासी कोण, हे यंत्र ठरवील. स्वतःविषयी केलेला तोंडी दावा विचारात घेतला जाणार नाही.' बांधकाम खात्यात चौतीस वर्षं अंदाजपत्रकं लिहिलेल्या माणसाचं ते वाक्य होतं. सर्वसाधारण सभेत ते वाचून दाखवल्यावर टाळ्या पडल्या होत्या.

नियम कागदावरच राहू द्यायचे, ही खात्यातली रीत मनोहररावांनी निवृत्तीनंतर सोडून दिली होती. त्यांचा सख्खा मेहुणा रामटेकहून नव्या तांदळाचं पोतं घेऊन आला, तर यंत्र त्याची अभ्यागताची नोंद घेईना म्हणून त्यालाही त्यांनी दोन तास फाटकाबाहेर बसवलं. चौकीदार नत्थूजींना ते बघवेना.

"साहेब, पाहुणे घरचेच हायेत ना," ते म्हणाले.

"नत्थूजी, नियम पाहुण्याचं तोंड पाहत नाही."

शेवटी तांदूळ आत गेला आणि मेहुणा एस्टीने परत गेला. यमुताई त्यानंतर आठ दिवस नवऱ्याशी मोजकंच बोलल्या.

असा हा कडक माणूस सदर बाजारातल्या एका चष्म्याच्या दुकानात मात्र ढासळला. काउंटरवरची मुलगी यमुताईंना "ताई, फ्रेम बघा" म्हणाली आणि त्यांना "आजोबा, तुम्ही इथे टेकून घ्या" म्हणाली. मनोहररावांनी त्या दिवशी भाकरी अर्धीच खाल्ली. पुण्याच्या लेकीला, सोनिकाला, हे आईकडून कळलं आणि पाचव्या दिवशी कुरियरने एक निळ्या पाण्याची बाटली आली.

"यात तांब्याची पेप्टाइड्स असतात, बाबा," सोनिकाने फोनवर समजावलं. "पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा बारका तुकडा. त्याला तांबं जोडलेलं असतं. रोज चार थेंब. चारच हं."

"तांब्याच्या लोट्यातलं पाणी वीस वर्षं पिऊन राहिले," यमुताई मागून म्हणाल्या. "त्यानं काही झालं नाही, अन् आता तोंडाले तांबं लावा!"

बाटलीवर तीन कामं छापली होती : त्वचेची दुरुस्ती, केसांची वाढ आणि वयाला आळा. 'दुरुस्ती' हा शब्द वाचून मनोहररावांना हसू आलं. दुरुस्तीतलं त्यांना कोणी शिकवायचं नव्हतं. कागदावर जेवढं डांबर मंजूर होतं, त्याचा तिसरा हिस्सा रस्त्यावर पोचतो, हे त्यांनी उभ्या नोकरीत पाहिलं होतं. बाटलीवाले काही आकाशातून पडलेले नव्हते. तेव्हा चार थेंबांचं काम व्हायचं असेल तर बारा टाकले पाहिजेत, असा त्यांनी हिशोब केला आणि चेहऱ्याला बारा, टाळूला बारा असे रोज नेमाने चोपडायला सुरुवात केली.

चूक एवढीच झाली, की या वेळी माल खरा होता.

दीड महिन्यात गालावरच्या सुरकुत्या गेल्या. टाळूवर आधी लव आली, मग चांगले काळेभोर केस आले. मनोहरराव आरशासमोर जास्त वेळ घालवू लागले आणि शीळसुद्धा घालू लागले. घरात सगळं कौतुकात चाललं होतं. मग एका मंगळवारी सकाळी फिरून परतताना ते नेहमीप्रमाणे यंत्रासमोर उभे राहिले. यंत्राने तांबडा दिवा लावला आणि बाईच्या गोड आवाजात सांगितलं, "चेहरा जुळत नाही."

"नत्थूजी, मी हाय गा!"

"मले दिसून राहिलं ना साहेब," नत्थूजी कासावीस होऊन म्हणाले. "पण मी काय करू? सातवा नियम."

मनोहररावांना नाइलाजाने अभ्यागत म्हणून नोंद करावी लागली. वर तिसऱ्या मजल्यावर यमुताईंच्या मोबाइलवर संदेश उमटला : 'अभ्यागत. पुरुष. अंदाजे वय एकेचाळीस. भेटीचा उद्देश : राहणे.' अनोळखी दिसला की नाकारायचं, हे नवऱ्यानेच त्यांना शिकवलं होतं. त्यांनी नाकारलं. मग मनोहरराव कुंपणाबाहेरून गॅलरीकडे बघत ओरडले, "यमू! मीच हाय वं! घे ना आत!" हे सबंध सायंताराने ऐकलं, तेव्हा कुठे यमुताईंनी मंजुरी दिली.

दुपारी ते संगणकावर बसले. चेहऱ्याचा फोटो बदलण्याची सोय अकराव्या नियमात होती. त्यासाठी सचिवाची सही लागत होती आणि सही करतेवेळी सचिवाचा चेहरा यंत्राने ओळखलेला असणं आवश्यक होतं. नियम त्यांनीच लिहिला असल्यामुळे त्यात एकही फट नव्हती. मनोहररावांना क्षणभर स्वतःचा अभिमान वाटला, मग त्यांनी संगणक बंद केला.

सचिव हजर नाहीत, अशी नोंद यंत्राने आपण होऊन केली आणि उपसचिव महादेवराव प्रभारी झाले. महादेवराव दोन वर्षांनी मोठे होते, केसांना कलप लावत आणि पद मिळण्याची तीन वर्षं वाट पाहत होते. सातव्या दिवशी त्यांनी तीनशे दोन क्रमांकाच्या सदनिकेला नोटीस काढली : 'सदनिकेचे मालक श्री. मनोहरराव गडेकर हे सात दिवसांपासून बाहेर गेल्याची वा आत आल्याची नोंद नाही. याच काळात सुमारे एकेचाळीस वर्षांचा एक इसम आपल्याकडे मुक्कामी असल्याचे दिसते. सलग सात दिवस राहिलेला अभ्यागत भाडेकरू समजण्यात येतो. भाडेकरूसाठी मालकाने समक्ष येऊन संमती द्यावी. अन्यथा रविवारी सायंकाळी सहानंतर सदर इसमास प्रवेश मिळणार नाही.'

शनिवारी कमिटी बसली. मनोहररावांनी निवृत्तीचा आदेश, रेशनकार्ड आणि लग्नाची पत्रिका टेबलावर ठेवली.

"हे मनोहररावांचे कागद झाले," महादेवराव म्हणाले. "तुमचे कुठं हायेत?"

"महादेवराव, आपण रोज संगं फिरतो ना बाप्पा! परवा तर्री-पोहे कोणासंग खाल्ले तुम्ही?"

"माणूस म्हणून मी तुम्हाले ओळखतो. प्रभारी सचिव म्हणून नाही ओळखत. असं करा, मनोहररावांना एकदा घेऊन या. ते म्हणाले की हेच मनोहरराव, तर आमचं काही म्हणणं नाही."

हा ठराव एकमताने मंजूर झाला. सभा संपल्यावर महादेवरावांनी त्यांना जिन्याखाली गाठलं. इकडेतिकडे बघून ते हळूच म्हणाले, "बाटलीचं नाव तर सांगा, राजे हो." कमिटीतल्या आणखी पाच जणांनीही रात्रीपर्यंत तेच विचारलं. ते खरे कोण, हे मात्र पुन्हा कोणीही विचारलं नाही.

जेवताना यमुताई ताटाकडे बघूनच वाढत होत्या.

"तू तरी बघ ना माझ्याकडे," मनोहरराव म्हणाले.

"चांगलेच दिसता तुम्ही. पण मले परक्या माणसाले वाढून राहिल्यासारखं वाटते." त्यांनी भाजी वाढली. "सोनिकाच्या टायफॉइडात तुमच्या कपाळावर एक आडवी रेघ पडली होती. सोळा रात्री जागले होते तुम्ही. ती रेघ काहून पुसली?"

मनोहररावांना फार वाईट वाटलं. ती रेघ तिने सांभाळून ठेवली होती, हे त्यांना चाळीस वर्षांच्या संसारात कधी कळलं नव्हतं. त्यांनी बाटली उचलून मोरीत रिकामी केली. केस मात्र तसेच राहिले.

रविवारी भाजी आणायला म्हणून ते बाहेर पडले आणि परत येईपर्यंत सहा वाजून चार मिनिटं झाली होती. यंत्राने आता अभ्यागत म्हणूनही घेतलं नाही. नत्थूजींनी त्यांना बसायला आपली खुर्ची दिली. मेहुणा याच खुर्चीवर दोन तास बसला होता, हे दोघांनाही आठवलं. मांडीवर मेथीची जुडी घेऊन मनोहरराव आपल्या घराच्या खिडकीतला दिवा बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात यमुताई खाली उतरल्या. दिवाणखान्यातला साठीचा फोटो त्यांनी भिंतीवरून काढून छातीशी धरला होता : टक्कल, सुरकुत्या आणि कपाळावरची आडवी रेघ. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात हात जोडले आणि हार आणू का, असं विचारलं. यमुताई तशाच पुढे गेल्या. नत्थूजींना फोटोतलं तोंड दाखवून खडसवायचं एवढंच त्यांच्या मनात होतं. त्या यंत्रासमोर आल्या आणि हिरवा दिवा लागला.

"स्वागत आहे, श्री. मनोहरराव गडेकर," यंत्र म्हणालं.

फाटक उघडलं. नत्थूजींनी फोटोला सलाम ठोकला. मग त्यांनाच विसावा नियम आठवला : रहिवाशासोबत सामान वाहणारा एक इसम अर्ध्या तासासाठी आत जाऊ शकतो. मनोहररावांनी फोटो हातात घेतला, मेथी काखेत धरली आणि हमाल म्हणून ते स्वतःच्या घरी गेले. यमुताईंनी दारातच त्यांच्याकडे नीट बघितलं आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

दुसऱ्या दिवशी फोटोने अकराव्या नियमाखाली समक्ष सही केली. नवा चेहरा मात्र मंजूर झाला नाही, कारण तो फोटोशी जुळत नव्हता. तेव्हापासून मनोहरराव फोटो घेऊनच बाहेर पडतात. आता ते एकटे नाहीत. बाटलीचं नाव शेवटी सायंताराभर झालंच. सकाळी फिरून परतणारी सगळी मंडळी आपापले जुने चेहरे काखेत घेऊन फाटकावर रांग लावतात. महादेवरावांचा फोटो सगळ्यांत मोठा आहे. परवाच्या सर्वसाधारण सभेत खुर्च्यांवर फोटोच मांडले होते, गणसंख्या भरली आणि सातवा नियम टाळ्यांच्या गजरात कायम झाला. यंत्र अजूनही ज्यांना बिनबोभाट आत घेतं, अशा सायंतारात दोनच व्यक्ती उरल्या आहेत : यमुताई आणि नत्थूजी.

एवढं सगळं वाचल्यावर तुम्ही नियमाविषयी काही विचारणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. तुम्हाला बाटलीचं नाव हवं आहे. ते नत्थूजींकडे मिळेल. येताना आपला एक जुना फोटो तेवढा सोबत आणा.