सहा खुर्च्यांचं टेबल

भालेराव कुणाच्याही घरी गेले की दारातच उभे राहून विचारतात, "माझी जागा कुठली?"

यजमान म्हणतो, "बसा हो, कुठंही बसा." हे उत्तर त्यांना चालत नाही. 'कुठंही' नावाची जागा नसते, असं त्यांचं म्हणणं. मग कुणीतरी वैतागून एका खुर्चीकडे बोट दाखवतं आणि त्या घरातली ती खुर्ची कायमची भालेरावांची होते. आमच्याकडे त्यांची खुर्ची फ्रिजशेजारची. लाकडी, एक हात सैल झालेला. मध्यंतरी आम्ही नवा सोफा घेतला आणि ती खुर्ची बाल्कनीत टाकली. भालेराव आले, सोफ्याकडे बघून "छान आहे" म्हणाले आणि उभे राहिले. चहा उभ्यानेच घेतला. पुढच्या खेपेलाही तेच. त्यानंतर माझ्या बायकोने मुकाट्याने खुर्ची आत आणली. ती आजही फ्रिजशेजारी आहे आणि आमच्या फ्रिजचं दार निम्मंच उघडतं.

आम्ही हडपसरला एकाच इमारतीत राहतो, ते आमच्या डोक्यावर. सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, मूळचे यवतमाळकडचे. घरातही पायजम्याला इस्त्री. हॉलमध्ये बुद्धाची एक मूर्ती, तिच्यापुढे रोज ताजं फूल. बोलणं कमी. पण जेवायला कोण कुठं बसणार हा विषय निघाला की त्यांना थांबवणं अवघड.

बुफे हा शब्द ते तोंड वाकडं केल्याशिवाय उच्चारत नाहीत. "हातात ताट घेऊन फिरायचं म्हणजे ते जेवण नव्हे, जाधव. ती गस्त." लग्नात गेलो की ते आधी एक कोपरा धरणार, टेबलं जोडून घेणार आणि आम्हाला बसवणार. "जाधव, तुम्ही इथं. वहिनी, तुम्ही यांच्या समोर. शीला, तू माझ्या उजवीकडे." सोसायटीच्या वार्षिक जेवणात ते प्रत्येक खुर्चीला नावाची चिठ्ठी चिकटवतात. एका वर्षी सेक्रेटरीने चिठ्ठ्या काढून टाकल्या, तर भालेराव न जेवता वर निघून गेले.

शीलावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, या बाबतीत त्यांना अजिबात सोडत नाहीत. "चिमण्यासुद्धा मिळेल त्या तारेवर बसतात," त्या म्हणतात. "यांच्या हातात असतं ना, तर यांनी तारेला नंबर घातले असते."

"घातले असते," भालेराव शांतपणे म्हणतात. "भांडणं कमी झाली असती."

वहिनींचा आवडता किस्सा नवऱ्याच्या नोकरीतला. बढती मिळून साहेब झाल्यावर भालेरावांनी सही केलेला पहिला लेखी आदेश म्हणे कचेरीतल्या जेवणाच्या खोलीबद्दल होता. कोणी कोणत्या खुर्चीवर बसायचं, नकाशासकट. तो आदेश वर्षानुवर्षं त्या खोलीच्या भिंतीवर होता. वहिनी हे हसत हसत सांगायच्या, आम्हीही हसायचो. भालेराव तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत असायचे.

तर गेल्या हिवाळ्यात आम्ही दोन जोडपी जहाजाच्या सफरीला गेलो. मुंबईहून निघायचं, कोची, लक्षद्वीप, परत मुंबई. माणसं सहलीला आनंदासाठी जातात असं म्हणतात. आमच्या वयाची बहुतेक माणसं घरातली शांतता काही दिवस टाळायला जातात, असं माझं निरीक्षण आहे. आमची मुलगी बंगळूरला, त्यांचा मुलगा पुण्यातच, पण बाणेरला. हडपसरवरून दोन्ही सारखीच लांब.

आरक्षण करताना एक प्रश्न आला. रात्रीचं जेवण 'फिक्स्ड' की 'ओपन'? फिक्स्ड म्हणजे शेवटपर्यंत तेच टेबल, तीच वेळ, तीच माणसं. ओपन म्हणजे भूक लागेल तेव्हा जा, रिकामं दिसेल तिथं बसा. मी कॉस्ट अकाउंटंट आहे. दोन पर्याय दिसले की दोन रकाने आखल्याशिवाय मला निर्णय घेता येत नाही. फिक्स्डच्या बाजूला होतं: रांग नाही, वेटरला आपल्या सवयी कळतात. विरुद्ध बाजूला: वेळेचं बंधन, आणि टेबलावर कंटाळवाणी माणसं आली तर शेवटपर्यंत सुटका नाही. भाडं दोन्हीचं सारखंच. हिशेब स्पष्ट होता. ओपन.

मी कागद घेऊन वर गेलो. भालेरावांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला.

"एक गोष्ट राहिली यात," ते म्हणाले.

"कुठली?"

"ती रकान्यात बसणारी नाही. तुम्ही फिक्स्ड घ्या."

"अहो, पण सुटका नाही हा मोठाच तोटा आहे."

"कुणाला तोटा, कुणाला नाही," ते म्हणाले आणि कागद घडी करून माझ्या खिशात ठेवला.

"घ्या हो फिक्स्ड," शीलावहिनी आतून ओरडल्या. "नाहीतर हे जहाजभर चिठ्ठ्या चिकटवत फिरतील."

आम्ही फिक्स्ड घेतलं.

जेवणाचं दालन मोठं होतं, झुंबरांचं, जरा जास्तच पिवळ्या उजेडाचं. आमचं टेबल खिडकीजवळ, सहा खुर्च्यांचं. खिडकीत काळं पाणी आणि त्यात आमचीच प्रतिबिंबं. आम्ही चौघं, आणि उरलेल्या दोन खुर्च्यांवर शनिवार पेठेतले आपटे पती-पत्नी. आपटे बँकेतून निवृत्त, बोलायला तिखट, पण गप्पा रंगवणारे. बसता बसताच म्हणाले, "जहाजावर येऊनही रोज त्याच खुर्चीत बसायचं, तर घरची काय वाईट होती? आमच्या एजंटाने न विचारता हे गळ्यात मारलं."

"घरची खुर्ची पाण्यावरून जात नाही," भालेराव म्हणाले.

आपटे हसले. मग दोघांचं जमलं. धरणातलं पाणी पुण्याला किती आणि शेतीला किती, यावर असे भिडले की सूप गार झालं. आपट्यांनी मधेच खिशातून गोळी काढून घेतली आणि कुरकुरले, "साडेआठ म्हणजे उशीरच होतो हो. माझी शुगर ऐकत नाही." भालेराव खूश होते. इतकं बोलताना मी त्यांना क्वचित पाहिलंय. उठताना त्यांनी वेटरला बजावलं, "आमची माणसं सहा. उद्याही सहा."

दुसऱ्या रात्री आपटे बाईंनी सहज विचारलं, "भालेराव म्हणजे तुम्ही मूळचे कुठले?"

"यवतमाळकडचे."

"हो का. म्हणजे देशस्थ?"

"नाही. बौद्ध," भालेराव म्हणाले आणि त्यांच्याकडे लोणच्याची वाटी सरकवली.

"अच्छा, अच्छा," बाई म्हणाल्या. लोणचं घेतलं, छान आहे म्हणाल्या. त्यानंतर गप्पा झाल्या, पण मला त्यातलं काही आठवत नाही.

तिसऱ्या रात्री आपटे आले नाहीत. भालेरावांनी वेटरला वाढू दिलं नाही. "येतील. दहा मिनिटं." दहा मिनिटं झाली, वीस झाली. वेटर अवघडून म्हणाला, त्या दोघांनी ओपन सीटिंग घेतलंय सर, ते आधीच जेवून गेले. त्याने त्यांच्या जागेवरची ताटं उचलायला हात पुढे केला.

"राहू द्या," भालेराव म्हणाले. जेवण होईपर्यंत ती दोन कोरी ताटं तशीच होती. शीलावहिनी पहिल्यांदाच काही टोमणा न मारता जेवल्या.

मला अंदाजाने बोलायची सवय नाही. सकाळी आपटे डेकवर फेऱ्या मारताना दिसले, मी सरळ विचारलं.

"औषधाच्या वेळा हो," आपटे म्हणाले. "साडेआठला जेवायचं म्हणजे माझं कठीण होतं. आता सातला बसतो, निवांत."

"भालेरावांना सांगितलंत का?"

"त्यात सांगायचं काय?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "सोय आहे, आपण वापरली. टेबल सोडलं, लग्न नाही मोडलं."

उत्तर चोख होतं. गोळी मी स्वतः पाहिली होती. लोणच्याची वाटीही पाहिली होती. दोन्हीतलं कुठलं कारण खरं हे ठरवायला माझ्याकडे काही साधन नव्हतं, आजही नाही. कदाचित आपट्यांकडेही नसेल.

दुपारी भालेराव डेकवर एकटेच बसले होते. आभाळ भरलेलं, समुद्र शिशासारखा. मी आपट्यांचं कारण त्यांना सांगितलं.

"असेल," ते म्हणाले.

मग समुद्राकडे बघतच म्हणाले, "नोकरीला लागलो तेव्हा तालुक्याच्या कचेरीत आम्ही आठ जण. दुपारी दोन टेबलं जोडून सगळे डबे एकत्र उघडायचे. मला बोलावलं, मी बसायला लागलो. आठवड्याने एकाने विचारलं, भालेराव म्हणजे कोण. मी सांगितलं. कुणी काही बोललं नाही हं. वाईट शब्द नाही. फक्त एकाला पित्त व्हायला लागलं, तो घरी जेवायला जाऊ लागला. दुसऱ्याचे उपवास निघाले. तिसऱ्याला फायली संपेनात, तो जागेवरच डबा खायचा. असं करत करत त्या दोन जोडलेल्या टेबलांवर मी एकटा."

मी म्हणालो, "सगळे खोटं बोलत होते?"

"तेच तर कळत नाही ना. पित्त खरंही असेल. उपवास तर खरेच होते, मी पाहिलेत. जेवायचं सोडून मी तेच करायचो, कुणाचं खरं, कुणाचं खोटं. घास तोंडात आणि डोक्यात चौकशी चालू." त्यांनी रुमालाने चष्मा पुसला. "साहेब झालो तेव्हा म्हटलं, पुरे. जागा कागदावर ठरवून टाकू. माणूस समोर बसला तर हुकूम आहे म्हणून बसला. प्रेम आहे का, हे विचारायचंच नाही. तुम्ही ते रकाने आखलेत ना, सुटका नाही हा तोटा म्हणून? मला तेवढाच फायदा."

थोड्या वेळाने ते वहिनींना चहा हवा का विचारायला आत गेले.

शेवटच्या दिवशी समुद्र खवळला. संध्याकाळपासून माझ्या बायकोला बोट लागली. उलट्या थांबेनात. मी तिच्या उशाशी बादली धरून बसलो होतो. साडेआठ वाजत आले तशी ती डोळे न उघडता म्हणाली, "तुम्ही जा खाली."

"तुला अशी टाकून? जेवायची इच्छाही नाही मला."

"जेवू नका. पण सांगून या. आज त्या टेबलावर चार खुर्च्या रिकाम्या दिसणार."

मी भालेरावांच्या खोलीत फोन लावला. वाजत राहिला. मग भिंतीला धरत धरत खाली गेलो.

दालन अर्धं रिकामं होतं, बरेच जण आजारी असावेत. भालेराव आणि शीलावहिनी खिडकीजवळ शेजारी शेजारी बसले होते. सहाही जागांवर ताटं मांडलेली, रुमाल त्रिकोणी घडीचे. काहीच वाढलेलं नव्हतं. वेटर हात मागे बांधून लांब उभा. भालेराव दाराकडे बघत होते. मी दिसलो तशी त्यांनी नजर चटकन ताटाकडे वळवली, जणू ते तिथंच बघत होते.

मी टेबलाशी गेलो पण बसलो नाही. "हिला बोट लागलीय. संध्याकाळपासून उलट्या होतायत. आम्ही आज येत नाही, एवढंच सांगायला आलो."

"फोन करायचा," भालेराव म्हणाले.

"केला. तुम्ही निघाला होतात."

"मग राहू द्यायचं. सकाळी कळलंच असतं."

"सकाळी कळून काय उपयोग?" मी म्हणालो.

त्यांनी समोरचा काटा उचलला, सरळ केला, परत ठेवला. वहिनी म्हणाल्या, "आल्याची गोळी आहे माझ्या पर्समध्ये, ती द्या तिला. मी येते थोड्या वेळाने बघायला." त्या पर्समध्ये शोधू लागल्या. जहाज कललं तसे टेबलावरचे पेले एकमेकांना लागून किणकिणले.

भालेराव हळू आवाजात, मीठ मागावं तसं म्हणाले, "इतकी माणसं उठून गेली, जाधव. का जातोय ते सांगायला कुणी आलं नव्हतं."

मी गोळी घेतली. "जा तुम्ही," ते म्हणाले. "त्या एकट्या आहेत वर." मग वेटरकडे वळून त्यांनी हात वर केला. "वाढा. आज आम्ही दोघंच आहोत. बाकीची ताटं उचललीत तरी चालतील."

दालनाच्या दाराशी पोचल्यावर मी एकदा मागे पाहिलं. वेटर चार ताटं एकावर एक रचत होता. शीलावहिनी काहीतरी सांगत होत्या, हातवारे करून, बहुधा नवऱ्याचीच थट्टा. भालेराव खाली मान घालून भाताचा पहिला घास कालवत होते. दाराकडे आता ते बघत नव्हते.