पिंगळोजीचा मोठा स्कॅनर

एका जंगलात, जिथे पाणी कमी आणि शहाणे फार, तिथली ही गोष्ट आहे बाळांनो. नीट मांडी घालून बसा. नाकातलं बोट काढा.

त्या जंगलात उन्हाळ्यात एकच डोह उरायचा, आणि डोहाकाठच्या जांभळीखाली एकच बीळ होतं. ज्याचं बीळ त्याचं पाणी. बाकीच्यांनी दोन कोस चालत नदीवर जायचं. पूर्वी या बिळासाठी जनावरं एकमेकांचे कान तोडायची. मग वाघमहाराज सुधारले. “रक्त सांडणं रानटीपणाचं आहे,” असं ते हरीण खाता खाता म्हणाले, आणि त्यांनी अंतराळयुद्धाचा खेळ आणवला. कुठून आणवला ते विचारू नका. महाराजांना कोणी विचारत नसतं.

खेळ सोपा होता. आपापल्या पडद्यासमोर बसायचं, आपलं यान उडवायचं, दुसऱ्यांची पाडायची. प्रत्येकाला यानं तीन. शेवटी ज्याचं यान उरेल त्याला बीळ. पडद्यावरचं अंतराळ मात्र काळंकुट्ट. कोण कुठे दडलंय ते दिसायचं नाही. म्हणून प्रत्येक यानात एक स्कॅनर होता. त्याचं लाल बटण दाबलं की क्षणभर बाकीची यानं ठिपक्यांसारखी दिसायची.

खेळाबरोबर नियमांचं पुस्तकही आलं होतं. वानरशास्त्र्यांनी ते लाल फडक्यात बांधलं, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि वडाच्या ढोलीत ठेवलं. रोज सकाळी त्याची आरती व्हायची. ते उघडायचं मात्र नाही. पूजेची वस्तू वापरली की बाटते, अशी त्या जंगलाची रीत होती. मोठी सोयीची रीत. वाचायचे कष्ट वाचतात आणि पुण्यही लागतं.

आता आमचा पिंगळोजी कोल्हा. गेल्या उन्हाळ्यात त्याची तीन पिल्लं रोज नदीवर चालत गेली. धाकट्याच्या पायांना फोड आले आणि ते जगतंय की मरतंय अशी वेळ आली. यंदा ते आणखीच अशक्त होतं. बीळ मिळालं नाही तर ते उन्हाळा काढणार नाही, हे पिंगळोजीला ठाऊक होतं आणि त्याच्या बायकोला, सोनकीला, तर त्याहून ठाऊक होतं.

“यंदा बीळ आपलंच,” पिंगळोजी म्हणाला. “कोण कुठे आहे हे ज्याला कळतं तोच जिंकतो.”

आणि कोण कुठे आहे हे पिंगळोजीला नेहमीच कळायचं. तरसाने काल काय खाल्लं, साळिंदराची सून माहेरी का गेली, सगळं त्याला तोंडपाठ. जन्मभर लोकांच्या बिळांत डोकावलेल्या माणसाला, म्हणजे कोल्ह्याला, ते लाल बटण आपल्यासाठीच केलंय असं वाटलं तर नवल काय.

खेळ सुरू झाला. पिंगळोजीने पहिल्याच झटक्याला बटण दाबलं. सात ठिपके. “सापडले लेकाचे. रानडुक्कर डावीकडे, तरस वर.” एवढं म्हणेपर्यंत डावीकडून एक गोळा आला आणि वरून एक. यान गेलं.

“योगायोग,” पिंगळोजी म्हणाला.

दुसऱ्या यानातून त्याने खात्रीसाठी बटण दोनदा दाबलं. तीन गोळे आले. पिंगळोजी भयंकर संतापला. “कोणीतरी माझ्यावर पाळत ठेवतंय. दुसऱ्याच्या घरात डोकवायची ही काय पद्धत झाली?”

दुपारी जेवायची सुट्टी झाली. सोनकी सकाळपासून त्याच्या मागे बसून बघत होती. ती म्हणाली, “अहो, तुम्ही बटण दाबता आणि मग गोळा येतो. एकदा न दाबता बघा की.”

“म्हणजे आंधळ्यासारखं खेळू?”

“मग ते पुस्तक तरी उघडून बघा. एकच यान उरलंय. धाकट्याकडे बघा जरा.”

“शिव शिव,” पिंगळोजी म्हणाला. “तुझ्या माहेरी उघडत असतील पुस्तकं.”

तो तडक वानरशास्त्र्यांकडे गेला. स्कॅनर लहान पडतोय, म्हणाला. शास्त्र्यांनी मोठा स्कॅनर काढला, त्यावर नारळ फोडला आणि तो यानाला बसवून दिला. पिंगळोजीने डोळे मिटून हात जोडले आणि बटण दाबलं. अंतराळाच्या पार टोकापर्यंतचा एकूण एक ठिपका दिसला. असं दर्शन जंगलात आजवर कोणाला घडलं नव्हतं. मग सात दिशांपैकी सहा दिशांनी गोळे आले.

आणि गंमत बघा. त्याच्या यानाची राख बघूनही बाकीचे सहाजण शास्त्र्यांकडे धावले. म्हणाले, पिंगळोजीसारखा मोठा स्कॅनर आम्हालाही हवा. संध्याकाळपर्यंत त्या सहाजणांनी एकमेकांच्या यानांची राख केली. उरली फक्त घोरपडमावशी. ती सकाळपासून आपलं यान अंतराळातल्या एका दगडाला खालून चिकटवून बसली होती आणि तिने बटणाला नखही लावलं नव्हतं.

“बाई, तू बटण का नाही दाबलंस?” महाराजांनी विचारलं.

“पुस्तकात तिसऱ्या पानावर लिहिलंय, महाराज. जो बटण दाबेल त्याचं यान दहा मोजेपर्यंत सगळ्यांच्या पडद्यावर पेटलेलं दिसेल.”

ज्याने त्याने आपापले गोळे आठवले. सोनकी तर पिंगळोजीकडेच बघत होती. एक क्षण असा आला होता बाळांनो, की सगळ्यांना लाज वाटली असती. पण पिंगळोजी हुशार. दुसऱ्याचं वर्म त्याला अंधारातही सापडतं.

“म्हणजे,” तो हळूच म्हणाला, “हिने पुस्तक उघडलं?”

झालं. शास्त्र्यांनी कानांवर हात ठेवले. तरस रडू लागला. मावशी सांगत होती, की पुस्तकाला वाळवी लागली होती, ती खायला उघडलं, आणि वाचता येतं म्हणून वाचलं. पण ऐकतंय कोण. मावशीची जीत रद्द झाली. पुस्तकावर गोमूत्र शिंपडून ते आता दोन फडक्यांत बांधलं गेलं. बीळ निकाल लागेपर्यंत महाराजांच्या ताब्यात राहिलं. महाराज बिळात मावत नव्हते, म्हणून त्यांनी आत फक्त शेपूट ठेवली आणि डोहाकाठी आडवे झाले.

पिंगळोजी छाती काढून बायकोकडे आला. “बघितलंस?”

“बीळ मिळालं?”

“घोरपडीला मिळालं नाही.”

सोनकीने धाकट्याला मानेला धरून उचललं. त्याचं अंग तापलं होतं. ती त्याला पुन्हा खाली ठेवून म्हणाली, “नदी दोन कोस आहे. वाटेत हा पाणी मागेल. तेव्हा हेच त्याला सांगा.”

मग तिने पिल्लू उचललं आणि ती चालू लागली. पिंगळोजी मागोमाग निघाला. दर दहा पावलांनी तो थांबून मागे वळून बघत होता, घोरपड कुठवर आलीय ते.

तात्पर्य : दुसऱ्याला हुडकायला गेलं की आधी आपण उजेडात येतो, असं कोणी तुम्हाला शिकवू लागलं तर त्याने ते कुठे वाचलं एवढंच विचारा आणि त्याला हाकलून द्या. मग कोणीच हरत नाही. तहान काय, ती पोरांना लागते.