लांजेवार काकांचा सतरावा चाप्टर

लांजेवार काकांपुढे काहीही गोड ठेवा, ते आधी उचलून उजेडाकडे धरायचे, नखानं जरासं खरवडायचे आणि विचारायचे, "यात कोको आहे का?"

आम्ही उतई गावाहून भिलाईच्या सेक्टर दहात, त्यांच्या वरच्या क्वार्टरात राहायला आलो, तेव्हा आईनं ओळख म्हणून सोनपापडी नेली. तिच्यावरही हाच प्रश्न. माझे बाबा स्टील प्लांटात कोक ओव्हनवर, दगडी कोळशाचा कोक करायच्या भट्टीवर. ते चक्रावलेच. "मिठाईत कोक कशाले असन जी? कोक तर भट्टीतून निंगते."

"कोक नाही हो, कोको! कोको असला का अठरावा चाप्टर. नसला का सतरावा."

वर आल्यावर बाबा आईला म्हणाले, "मानूस चांगला आहे. पन जरासा सरकेल आहे."

सरकलेले नव्हते. काकांची सगळी नोकरी दूर बंदरावर, कस्टममध्ये गेली होती. परदेशातून येणारा गोड माल कस्टमच्या दरपुस्तकातल्या कोणत्या चाप्टरात बसतो हे ठरवायचं, कारण त्यावरून आयातीची ड्यूटी ठरते. साखरेची मिठाई सतरा, कोको पडला की अठरा, बिस्किट एकोणीस, फळांचे पदार्थ वीस. काकू इथल्या शाळेत शिकवायच्या, म्हणून त्या आणि मुलगी वैशाली भिलाईतच राहिल्या. काका सुट्टीपुरते यायचे. रिटायर होऊन कायमचे घरी आले तोवर वैशाली लग्न होऊन दुबईला गेलेली.

दोन-तीन गोष्टी मिसळलेल्या असल्या की काकांचं ठरलेलं वाक्य होतं, "मूळ स्वभाव पाहा लागते." ज्या वस्तूमुळे तो पदार्थ तो पदार्थ होतो, तिच्यावरून चाप्टर. पांढऱ्या चॉकलेटला चॉकलेट म्हटलं तर त्यांना राग यायचा. "त्यात कोकोचं फक्त तूप रायते. ते चॉकलेट नोहे, साखरेची मिठाई होय. सतरा!" हे ते दुकानदाराला सांगायचे, दूधवाल्याला सांगायचे, एकदा तर एका वाढदिवसाला केक कापायचा थांबवून सांगितलं.

आमच्या घराण्यात बी.कॉम. झालेला मी पहिला. निकाल लागला तसा पेढे घेऊन आधी खाली गेलो. काकांनी पेढा उलटापालटा केला. "दूध जास्त का साखर? मूळ स्वभाव..."

"काका, मी पास झालो."

"हो, ते ऐकलं. याचा निकाल लागाचा आहे ना अजून."

मला राग आला. आजोबांना सही येत नव्हती, आणि हा माणूस माझ्या पदवीपेक्षा पेढ्याकडे जास्त लक्ष देतो! काकूंनी मला आत बोलावून पाठीवरून हात फिरवला. "मनावर घेऊ नको, बाबू. त्यायले बोलताच येत नाही."

त्या काकू गेल्या. तेरवीला पंगत बसली होती. कुणीतरी वाढता वाढता सहज विचारलं, "काका, बुंदी गोड आहे ना बरोबर?" काका वाटीकडे बघत म्हणाले, "बेसन आहे, पन मूळ स्वभाव साखरेचा." वैशाली समोरच बसली होती. ती ताटावरून उठली. "आजही, बाबा?" एवढंच म्हणाली. दुबईला गेली ती बरीच वर्षं आलीच नाही.

मागच्या हिवाळ्यात ती येणार असं कळलं. काका जिना चढून आमच्याकडे आले. "वहिनी, गोड खाल्ल्यावर लोक काय म्हनतात?"

आई हसली. "छान आहे म्हनतात, भाऊजी. दुसरं काय म्हनन?"

"बस?"

"बस."

आईनं शिरा दिला. काकांनी हात मांडीवर घट्ट दाबून घास घेतला आणि बयान द्यावं तसं म्हणाले, "छान आहे." आठवडाभर आमच्याकडे त्यांची ही प्रॅक्टिस चालली. त्यांना एकच भीती होती, पोरगी पुन्हा उठून जाईल.

वैशाली आली ती एका दिवसासाठी. सामान आत-बाहेर करायला मी होतोच. चहा झाला, तिनं पिशवीतून डबा काढला आणि बापापुढे उघडला. खजूर होते. आत बदाम, वरून पांढऱ्या चॉकलेटचा थर. काकांचं नख पुढे आलं, मागे गेलं. त्यांनी एक खजूर तोंडात टाकला.

"छान आहे."

वैशाली वाट बघत होती. "अजून?"

"लय छान आहे, वैशू."

तिनं डब्याचं झाकण हळूच लावलं.

दुपारी मी तिची बॅग टॅक्सीपर्यंत नेली. फाटकापाशी ती म्हणाली, "भाऊ, बाबांची तबीयत ठीक आहे ना? चाप्टर नाही सांगितला त्यांनी. ते सुट्टीत येत ना, तवा एक गोळी नाहीतर चॉकलेट आनत. मी म्हनू सतरा, ते म्हनत अठरा. घंटाभर भांडत होतो. आमी दोघं दुसरं काही बोललोच नाही कधी. सगळं दुकान पालथं घालून मी कठीण माल आनला होता."

"मग सांग ना त्यांना."

"जाऊ दे. थकले आता."

टॅक्सी गेली. मी परत येऊन काकांना सगळं सांगितलं. ते खुर्चीत नीट बसले. "खजूर म्हना तर वीस. वरचा थर पाहा तर सतरा. घाईत कोनी अठरा म्हनन, ते चूक. दोन्हीकडून भांडता आलं असतं मले तिच्यासंग. दिवसभर."

"कावून बोलले नाही मग?"

"उठून गेली असती तर?"

दीड तासानं मी फोन लावून त्यांच्या हातात दिला. ती रायपूर विमानतळावर पोचली असेल तेव्हा.

"वैशू, पोचली का? ...हो, जेवलो." मी खुणेनं म्हटलं, बोला ना. त्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं. "गर्दी आहे का तिथं? ...नीट जा मग."

त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला.

"नुसती 'बरं' म्हनाली," ते म्हणाले. "मी सुट्टी सरून निंगालो का तिची मायही असंच 'बरं' म्हने. मले तवा वाटे, तिचं काही म्हननंच नाही."