आबांचं बीपी

आमच्या काजू कारखान्यात बायकांसाठी नवा संडास बांधला, तेव्हा नारळ फोडून पहिले आत गेले ते मॅनेजर आबा परब. आम्ही सगळ्या बायका बाहेर ताटकळत उभ्या. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन म्हणाले, "कडी नीट लागता. आता जावा."

"आधी माका!" हा त्यांचा मंत्रच. काजूच्या टरफलाचा चीक हाताची सालटी काढतो, म्हणून मालकांनी हातमोजे आणले. तर हे गृहस्थ दिवसभर ते घालून हिंडले, जेवलेसुद्धा. मी ऑफिसात कारकून. माझी नवी खुर्ची आली तर आठवडाभर तिच्यावर हेच, आणि मी स्टुलावर! अस्सा राग यायचा म्हणून सांगू!

घरी एकटेच. बायको केव्हाच गेलेली, मुलगा मुंबईत. डबा स्वतः करायचे आणि केबिनचं दार लोटून खायचे. तब्येत विचारली की ठरलेलं उत्तर, "माका काय धाड भरली नाय."

कोकण रेल्वे सुरू होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. मालकांनी ठरवलं, दर बुधवारी कणकवलीहून नर्सबाई येणार, कामगारांचं बीपी तपासणार, गोळ्या फुकट. पहिल्या बुधवारी बाई यंत्र मांडून बसल्या. चिटपाखरू फिरकलं नाही.

काजू सोलणारी शेवंती फणकाऱ्यानं म्हणाली, "माका बीपी नाय. मगे तपासतलंय कित्याक?"

आमच्याकडे बीपी म्हणजे रोगच. तो एखाद्याला 'आसा', बाकीच्यांना 'नाय'. आबा समजवायला गेले, "अगो, बीपी सगळ्यांका आसता!" झालं! सगळ्या कारखान्याला रोग लागला म्हणून बायका आणखीच घाबरल्या.

खरी भीती निराळीच होती. रोग निघाला तर काम जाईल. आणि ह्याच शेवंतीला बसल्या जागी चक्कर येत होती, ते आबांनी बघितलं होतं. त्यात मालकांनी निरोप धाडला, पुढच्या बुधवारीही कोणी आलं नाही तर बाईंचं येणं बंद.

त्या बुधवारी आबांनी चालू काम थांबवलं. "ह्या येळेचो पगार कापूचो नाय," मला बजावलं. माझीच खुर्ची उचलून मधोमध मांडली, यंत्रापुढे नारळ ठेवला आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या यंत्राक खरा बोलूची बुद्धी दी, आणि कोणाचा काम जावक नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बायका सवयीनं ओरडल्या.

"आधी माका," म्हणत आबांनी बाही सरकवली. "आणि आकडो मोठ्यान सांगा."

बाईंनी पट्टा फुगवला, सोडला, परत फुगवला. हळूच म्हणाल्या, "आपण नंतर बोलू."

"मोठ्यान!"

"एकशे सत्तर. आबा, तुम्हाला बीपी आहे."

आबांचा चेहरा खर्रकन उतरला. धाड भरली होती तर! पण दुसऱ्याच क्षणी ते उभे राहिले. "आयकलात? मॅनेजराक आसा! माका कोणी काढल्यान? नाय मां? मगे शेवंते, ये."

शेवंती आली. तिचा आकडा आबांपेक्षा वर निघाला. गोळ्या सुरू झाल्या, काही दिवसांनी चक्कर थांबली, काम राहिलं. तिच्यामागून बाकीच्याही खुर्चीत बसल्या.

पण आता आबांचं बीपी सगळ्या कारखान्याचं झालं. "आबानू, गोळी खाल्लात?" जाता-येता प्रत्येकीचं तेच. शेवंती त्यांच्या डब्यातलं लोणचं काढून घ्यायची आणि अळणी भाजी वाढायची. दार लोटून जेवायची सोयच राहिली नाही. आबा करवादायचे आणि भाजी संपवायचे.

काही महिन्यांनी एका बुधवारी बाई हसत म्हणाल्या, "वा आबा! एकशे तीस. गोळी चालू ठेवा, बाकी झकास."

मी शेजारीच होते. आबांनी दाराकडे बघितलं. बाहेर बायका थांबल्या होत्या.

"बाई," ते पुटपुटले, "भायर जरा वाडवन सांगा."

"अहो, कशाला?"

"बरो झालंय म्हणान कळला, तर मगे इचारतला कोण?"

एवढी वर्षं ह्या माणसावर फक्त चिडत आले होते मी. उठले, दारात गेले आणि मोठ्यानं म्हटलं, "शेवंते, आबांचो आकडो अजून वरच आसा गो! लक्ष ठेवा!"

मागून अगदी बारीक आवाज आला, "व्हय म्हाराजा."