खातूकाकांची लिफ्ट

आमच्या मुलीच्या बारशाला खातूकाका आले, तेव्हा त्यांनी पाळण्यात डोकावायच्या आधी पाळणा टांगलेल्या हुकाकडे बघितलं. मग स्टुलावर चढले आणि हुकाला दोन्ही हातांनी चक्क लोंबकळले. पाळणा म्हणणाऱ्या बायका गप्प झाल्या. "धरतोय," म्हणत काका खाली उतरले, हात झटकले आणि म्हणाले, "छान आहे." हे मुलीला म्हणाले की हुकाला, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

खातूकाका मूळचे रत्नागिरीकडचे. सिल्वासाच्या बांधकाम खात्यात इंजिनियर म्हणून नोकरी केली आणि निवृत्त होऊन तिथल्याच आमली भागातल्या आमच्या चार मजली बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहिले, मी आलो तेव्हा एकटेच. मी धुळ्याचा, खडोलीच्या कारखान्यात कामाला. आमची ओळख झाली ती मी भिंतीवर टाकी बसवत असताना. काकांनी दारातूनच विचारलं, "वजन कुठं जातं?" त्यांचा जगाला हा एकच प्रश्न. भिंत असो, नवी सून असो, निवडून आलेला उमेदवार असो, काका विचारणार, वजन कुठं जातं?

भिंतीला तडा दिसला, की काका त्यावर काचेची पट्टी चिकटवायचे. पट्टी फुटली तर तडा वाढतोय, शाबूत राहिली तर झोपलाय. आमची पट्टी फ्रिजच्या वर होती. ती बघायला ते नेमके जेवणाच्या वेळी यायचे, आणि पट्टी बघून झाली की भाजीही बघायचे.

बिल्डिंगच्या दुरुस्तीची मीटिंग झाली तेव्हा रंग, गेट यावरून गाडी लिफ्टवर आली. तळमजल्यावाले लगेच विरोधात. आम्हाला काय उपयोग, म्हणून. त्यांच्यातूनच काका उठले आणि म्हणाले, लिफ्ट झालीच पाहिजे. सगळे बघतच राहिले. चौथ्या मजल्यावर शांताबेन एकट्या राहायच्या. गुडघे गेल्यापासून त्या खाली उतरल्याच नव्हत्या. भाजीसुद्धा गॅलरीतून दोरीला टोपली बांधून वर ओढायच्या.

ठेकेदाराने जिन्याला लागून लिफ्ट सुचवली. ती थांबणार होती दोन मजल्यांच्या मधे, जिन्याच्या वळणावर. शिवाय तिचा सांगाडा बिल्डिंगच्या जुन्या कॉलमांनाच जखडायचा होता. काकांनी आधी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला. त्या कॉलमांच्या सळया गंजल्यात, आणखी भार घेणार नाहीत, असं समजावलं. मग शांतपणे म्हणाले, "आणि अर्ध्या जिन्यावर उतरून शांताबेननी पुढं काय करायचं? तिथंच संसार मांडायचा?"

नवा नकाशा काकांनी स्वतः काढला. बिल्डिंगच्या पूर्वेच्या टोकाला, जिथं वरच्या मजल्यांचे पॅसेज संपतात, तिथं लोखंडाचा वेगळा मनोरा. त्याचा पाया वेगळा, आणि बिल्डिंगपासून दोन बोटं फट, म्हणजे नवा पाया थोडा खचला तरी जुन्याला ओढणार नाही. खणताना काळी माती संपेना. ठेकेदार म्हणाला, बास आता. काका छत्री घेऊन खड्ड्याच्या काठावर खुर्ची टाकून बसले ते मुरूम लागल्यावरच उठले. मग तो मुरूम तळहातावर घेऊन प्रसादासारखा दारोदार दाखवून आले.

मनोरा उभा राहायला लागला तेव्हा माझ्या लक्षात आलं. वर जिथं पॅसेज संपतो, तिथंच तळमजल्यावर काकांची खोली होती, आणि मनोरा तिच्या एकुलत्या एका खिडकीसमोर येत होता. मी धावत सांगायला गेलो.

"माहितीय," काका म्हणाले. "नकाशा मीच काढलाय."

लिफ्ट झाली. माणसाआधी तिच्यातून दिवसभर सिमेंटच्या गोण्या वर-खाली फिरल्या. संध्याकाळी काका घराघरांतल्या पट्ट्या तपासून आले. एकही फुटली नव्हती. ठेकेदाराने सगळ्यांसमोर काकांना वाकून नमस्कार केला आणि काका लाजले.

दुसऱ्या दिवशी दुपारी लिफ्टचं दार उघडलं आणि नवी साडी नेसलेल्या शांताबेन आवारात उतरल्या. टाळ्या, पेढे, शिट्ट्या, पोरांचा गोंधळ. विरोध करणारे तळमजल्यावाले सगळ्यात पुढं होते. शांताबेननी पेढा हातातच ठेवला आणि माझा हात धरून सरळ काकांच्या घरात शिरल्या. थेट स्वयंपाकघराच्या दारात जाऊन थांबल्या.

"इथंच खिचडी ठेवायची मी," त्या मला म्हणाल्या.

मी या बिल्डिंगमध्ये उशिरा आलो, मला हे ठाऊकच नव्हतं. काकू अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा शांताबेन रोज दोन वेळा चार मजले उतरून खिचडी आणायच्या. काकू जाईपर्यंत त्यात खंड पडला नव्हता.

काका दुसरीकडेच बघत म्हणाले, "पायऱ्या उंच काढल्यात या बिल्डिंगच्या. गुडघे जाणारच."

शांताबेननी वर जळणाऱ्या दिव्याकडे बघितलं. "खातूभाई, दिवसा लाइट कशाला?"

"इथं आता ऊन येत नाही."

"तर वर या ना," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे सकाळचं ऊन पार रसोड्यापर्यंत येतं."



दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर निघालो, तर खातूकाका लिफ्टसमोर उभे. इस्त्रीचा शर्ट, बगलेत पेपर. मी दार उघडून धरलं. ते आत गेले आणि माझ्याकडे न बघता त्यांनी चौथ्या मजल्याचं बटण दाबलं.