शंकर नगरची कॉन्टेसा आणि अध्यक्षांचा ब्रेकर

गाडीची परीक्षा वळणावर होते. सरळ रस्त्यावर काय, हातगाडीसुद्धा सरळच जाते.

हे तत्त्व रायपूरच्या शंकर नगरातल्या यशवंतरावांना रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यावर पटलं. दारात सत्त्याऐंशी सालची काळी कॉन्टेसा होती. लांबलचक, दणकट, इंजिनात दम भरपूर, फक्त वळणावर अशी झुलायची की अकरा वर्षांपूर्वी तेलीबांधा चौकात पत्नी सरोजिनीबाईंनी तोंडाला पदर लावून जाहीर केलं, "मले मळमळून राहिलं. या गाडीत मी पुन्हा बसत नाही." आणि बसल्या नाहीत. यशवंतरावांना हे फार लागलं होतं. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला त्यांना शेजारी बसवून नवा रायपूरला न्यायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

उरला औद्योगिक वसाहतीतल्या भैय्यालाल मिस्त्रीनं काम घेतलं. कडक स्प्रिंगा आणि नवे शॉकअप बसवले, पुढेमागे झोल आवरणारी आडवी दांडी टाकली, गाडी तीन इंच खाली आणली. मिस्त्रीच्या हिशेबानं ब्याण्णव टक्के झोल गेला (उरलेला आठ टक्के चालवणाऱ्याचा). "साहब, अब मोड़ पे चाय भी नहीं छलकेगी," तो म्हणाला.

वाढदिवसाच्या सकाळी मिस्त्रीला मागे बसवून यशवंतराव गाडी घरी घेऊन आले. सरोजिनीबाई ठेवणीतलं पातळ नेसून फाटकात उभ्या होत्या. फाटकापासून आठ पावलांवर गाडीचं पोट रस्त्यातल्या स्पीड ब्रेकरवर बसलं. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे.

हा ब्रेकर यशवंतरावांनीच अकरा अर्ज आणि सत्तेचाळीस सह्यांच्या बळावर (पैकी नऊ सह्या पाहुण्यांच्या) मंजूर करून आणला होता. वर सुरक्षेत तडजोड नको म्हणून स्वतःच्या हातानं दोन घमेली सिमेंट चढवलं होतं. तेव्हापासून तिथं एकही अपघात नाही. (आधीही नव्हता, पण ते नशिबावर चाललं होतं.)

ब्रेकर फोडायला मिस्त्रीनं हातोडा काढला. यशवंतराव म्हणाले, "हव, पण अर्जाशिवाय नाही." बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी ब्रेकर उतरवण्याचा अर्ज कॉलनीच्या रस्ता सुरक्षा समितीला लिहिला. समितीचे अध्यक्ष तेच. त्यांनी तो दोनदा वाचला आणि जड मनानं नामंजूर केला: अर्जदाराचा हेतू वैयक्तिक आहे.

सरोजिनीबाईंनी सगळं पाहिलं आणि यशवंतराव स्टिअरिंगवर परत बसताच दार उघडून त्याही शेजारी येऊन बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "चांगली झाली हो. जराशीबी हलून नाही राहिली."

यशवंतरावांचे डोळे भरून आले. अकरा वर्षांत त्यांना एवढा आनंद झाला नव्हता.

संध्याकाळी जॅक लावून गाडी सोडवली. ब्रेकर आहे तिथंच आहे. दिवसभर जमून हसलेल्या मंडळींकडून त्या आठवड्यात समितीकडे एकोणीस अर्ज आले. ब्रेकर काढा असा त्यात एकही नाही. 'असाच एक आमच्या दारासमोर हवा' असे सगळे आहेत. विसावा कोरा फॉर्म अध्यक्षांनी तुमच्यासाठी बाजूला ठेवला आहे. नाही म्हणू नका. तुमच्या दारावरून लोक किती बेफाम गाड्या काढतात, हे परवा तुम्हीच सांगत होता.