शंकरतात्यांचा खांदा

लोणी देवकरच्या आमच्या कारखान्यात सकाळची पाळी भोंग्यानं सुरू होते, असा साहेबांचा समज आहे. खरं तर ती सुरू होते शंकरतात्यांनी नव्या रोबोच्या वाटेत खांदा घातल्यावर. रोबोचा हात येतो, खांद्याला टेकतो आणि जागच्या जागी थांबतो. "गुणाचं हाय," असं म्हणून तात्या कामाला लागतात.

तात्यांचा जन्म जुन्या रोबोजवळ गेला. तो धिप्पाड गडी जाळीच्या पिंजऱ्यात. दार उघडलं की बंद पडतो, कारण चालू असताना आपल्यासमोर लोखंड आहे की माणूस, याचा त्याला गंधही नसतो. नव्याला जाळी नाही. तो आमच्याच टेबलाशी बेतानं काम करतो, धक्का लागला की थांबतो आणि हात धरून शिकवलं की शिकतो. त्याला शिकवताना तात्या जसं गोड बोलले, तसं ते माळेगावच्या जावयाशीही बोलत नाहीत.

पण थांबलेला रोबो पुन्हा सुरू करावा लागतो. रोजच्या या खोळंब्याला आमचे इंजिनिअर वैतागले. पुन्हा खांदा घातलात तर पॅकिंगला पाठवीन, म्हणाले. खोक्यांना चिकटपट्टी लावणारे तात्या मला डोळ्यांसमोर आणवेनात.

दुसऱ्या दिवशी खांदा पुन्हा हजर! मी चिडून विचारलं, हा कसला हट्ट?

"नवा बैल आनला की पहिलं चार दिस वैरन आमीच टाकतो," तात्या हळूच म्हणाले. "बायापोरांना जवळ जाऊ देत न्हाय. माझ्या मागनं दुपारच्या पाळीला हितं रेखा हुबी ऱ्हाती. लागायचं ते आदी मला लागू दे."

याला येऊन सहा महिने झाले की, मी म्हणालो.

"बैलाचं डोळं तरी दिसत्यात. ह्याला डोळं कुठं हायत?"

इंजिनिअर मागंच उभे होते. मशीनवरच्या तपासणीच्या कागदावर त्यांनी सगळ्यात वर लिहिलं, 'सकाळी प्रथम शंकरतात्या.'

दुपारी रेखानं ते वाचलं, मला विचारलं, मी सांगून टाकलं. ती तडक गेली आणि घरी निघालेल्या तात्यांच्या पाया पडली. तात्या इतके गडबडले, की जेवणाचा डबा विसरून बसमध्ये जाऊन बसले.

बायको गेल्यापासून त्या डब्यात त्यांनी स्वतः थापलेली जाडजूड भाकरी असते. रेखानं तो घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं भरून पाठवला. तात्यांनी झाकण उघडलं, आत पाहिलं, पुन्हा लावलं. त्या दिवशी ते आमच्यात जेवायला बसले नाहीत. एकटेच बाहेर लिंबाखाली बसून, आमच्याकडे पाठ करून, बराच वेळ जेवत होते.